डोंगरावरची भट्टी आणि यासीनभाई

“भट्टीवाल्या बाई तुम्हीच का?” फोनवर मुलीचा आवाज होता, नंबर भारतातला. मी मस्कतला, रुवीच्या आमच्या ऑफिसात एका कानाला हा फोन आणि दुसऱ्या कानाला एसीतून पाणी गळतंय म्हणून कावलेलं एक गिऱ्हाईक, असा रोजचा डबल रोल करत होते. मला माघारी भट्टीवाली म्हणणारा माणूस जगात एकच, आमचा मेकॅनिक, आणि तो महिन्याभराच्या सुट्टीवर गावी गेलेला. तेव्हा मी आवाज चढवून, नाटकातल्या पाटलीणबाईच्या ऐटीत म्हणाले, “होय, मीच ती. तुझ्या अब्बांना सांग, सुट्टी पुरे झाली, इथे कामं तुंबलीत.” मग ती म्हणाली, “अब्बा गेले. काल दुपारी. जेवून आडवे झाले ते...” दुसऱ्या कानातलं गिऱ्हाईक बोलतच होतं. त्याला मी सवयीने म्हणाले, “आत्ता माणूस पाठवते,” आणि कोणाला पाठवणार होते ते मला आठवेना.

त्याला आता सात आठवडे झाले. तेव्हापासून माझं बूड खुर्चीला टेकत नाही. उठते, चहा करते, तो थंड होऊ देते, पुन्हा उठते. ऑफिसातल्या फायली तीनदा लावून झाल्या, तिन्ही वेळा वेगवेगळ्या. मुळात मी स्वस्थ बसणारी बाई नव्हेच. वसईला आमच्या घरी म्हणायचे, रीटाला चर्चमध्ये मिस्साला नेताना खिशात दोरी ठेवा. पण ही चुळबुळ निराळी आहे. काहीतरी चालू राहिलंय, जाऊन बंद करायला हवं, असं सतत वाटतं. म्हणून लिहायला बसले आहे. बसले म्हणजे, उभ्यानेच लिहिते आहे.

यासीनभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. मस्कतमध्ये सव्वीस वर्षं एसी मेकॅनिक. आमची कंपनी घरांची देखभाल करते: एसी, गीझर, पाण्याचे पंप. मी तक्रारी घेते, माणूस पाठवते आणि कामाचं कार्ड भरते, म्हणजे कोण गेला, काय बिघडलं होतं, काय केलं. या कार्डांवर मी आजवर जेवढी कल्पनाशक्ती खर्च केली तेवढ्यात दोन कादंबऱ्या झाल्या असत्या. मेकॅनिक नुसता थापट मारून यंत्र चालू करून येतो आणि मी लिहिते, ‘सखोल तपासणीनंतर दोष दूर.’ यासीनभाई ते वाचून म्हणायचे, “मॅडमबाई, हा सखोल कोण? याला पण ओव्हरटाइम द्या.”

आता ओमानमध्ये भट्टी कशाला, असं तुम्ही विचारणार. मीही विचारलं होतं. इथे उन्हाळ्यात नळाच्या थंड पाण्याने हात भाजतो. पण मस्कतपासून दोन-अडीच तासांवर जबल अख्दर नावाचा डोंगर आहे. पायथ्याशी चौकीवर पोलीस थांबवतात, फोर-व्हील गाडी नसेल तर वर सोडत नाहीत. वर गुलाबाच्या आणि डाळिंबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, आणि हिवाळ्यात सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय. तिथे उम्म सालेम राहते, म्हणजे सालेमची आई; इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. सालेम खाली, मस्कतजवळ सीबला राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे. आईची छाती कमजोर, डॉक्टरांनी सांगितलं की थंडी बाधेल. सालेम म्हणाला, सीबला चल. आई म्हणाली, सीबला खिडक्या उघडत नाहीत, मी गुदमरेन. तिच्या दाराबाहेर तिने लावलेली सतरा डाळिंबं आहेत, ती सोडून ती कुठे जाणार नव्हती. सालेम थंड देशात शिकलेला. त्याने तिथल्या घरांत पाहिलेली तसली डिझेलवर चालणारी भट्टी मागवली. भट्टी एका छोट्या खोलीत पेटणार, तिची ऊब पत्र्याच्या नळांतून तीन खोल्यांत जाणार. देखभालीचं काम आमच्याकडे आलं. ही गोष्ट पाच हिवाळ्यांपूर्वीची.

भट्टी कोणीच पाहिली नव्हती, म्हणून ती यासीनभाईंच्या गळ्यात पडली. आणि त्यांच्यासोबत मी, कारण घरात बाई एकटी. तिथे परका पुरुष एकटा आत जात नाही, सोबत बाईमाणूस हवं. कंपनीत बाईमाणूस एकच. अशा रीतीने जन्मात स्वेटर न घातलेला कोकणातला एक माणूस आणि जन्मात पाना न धरलेली वसईची एक बाई, ओमानच्या डोंगरावर भट्टी सांभाळायला निघाले. यासीनभाईंकडे गरम कपडे नव्हते. मी माझा केशरी कार्डिगन दिला, मोत्यांच्या बटणांचा. त्यांना तो बेंबीपर्यंतच पुरायचा. चौकीवरच्या पोलिसाने गाडीचे कागद पाहिले, कार्डिगन पाहिला, पुन्हा कागद पाहिले आणि काही न बोलता हाताने जा म्हणाला.

पहिल्या फेरीत थंडी पडायची होती. भट्टी झकास पेटली. यासीनभाईंनी खोली झाडली, पुसली, आणि मग त्यांचं लक्ष भिंतीत वर असलेल्या जाळीकडे गेलं. हातभर रुंद, आरपार बाहेरची हवा येणारी. एसीच्या माणसाला असलं भोक म्हणजे डोळ्यातलं कुसळ. वर्षानुवर्षं त्यांनी एकच धर्म पाळला होता: फट दिसली की बुजवायची. बाहेरचा उन्हाळा आत येता कामा नये, धूळ येता कामा नये. त्यांनी जाळी फोमने भरली आणि वर चंदेरी पट्टी इतकी सुबक चिकटवली की मुंगीलाही व्हिसा मिळू नये. मी टाळ्या वाजवल्या आणि ऑफिसात दाखवायला फोटो काढला.

डिसेंबरात सालेमचा फोन आला. भट्टी पेटते आणि पाऊण तासाने बंद पडते. आम्ही गेलो. यासीनभाईंनी भट्टीच्या खोलीचं दार उघडलं, समोर बैठक मारली, बटण दाबलं. भट्टी दोन तास गाणं म्हणावं तशी चालली. आम्ही खजूर-कॉफी घेऊन निघालो, उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चौकीपर्यंत पोचतो न पोचतो तोच फोन... बंद पडली. दोन दिवसांनी पुन्हा वर, मग तिसऱ्यांदा. पुन्हा तेच. त्यांच्यासमोर ती पोर कशी गुणी, आणि पाठ फिरली की लगेच रुसून बसायची. त्यांनी तेलाचा फिल्टर बदलला, तेल फवारणारी तोटी बदलली, ठिणगी पाडणाऱ्या काड्या बदलल्या. ज्योत पेटली आहे की नाही हे बघणारा काचेचा छोटा डोळा असतो, त्याला ज्योत दिसली नाही की तो भट्टी बंद करतो. तो दर वेळी काजळीने माखलेला सापडायचा. ते पुसायचे आणि पुटपुटायचे, “ह्याला मोतीबिंदू कशाने होतोय रोज?” मी गाडीत म्हणाले, “यासीनभाई, लाजते ती. एकट्यात तिला भीती वाटते.” ते हसले नाहीत. एरवी माझ्या फालतू विनोदांना ते आधीच हसून ठेवायचे.

हसणार कसे? उम्म सालेमला खोकला सुरू झाला होता. रात्री भट्टी बंद पडली की ती दोन गोधड्या घेऊन बसून राहायची. सालेमने निक्षून सांगितलं, गुरुवारपर्यंत भट्टी नीट झाली नाही तर आईला खाली नेणार आणि घराला कुलूप. ती आम्हाला काही म्हणाली नाही. फक्त यासीनभाईंना म्हणाली, “तू कर. मला इथून हलवू देऊ नकोस.” आणि त्यांनी छातीवर हात ठेवून इन्शाल्ला म्हटलं. मी त्यांना गाडीत झापलं, “हमी कशाला देता? कंपनी हमी देत नाही.” ते म्हणाले, “कंपनीने कुठे दिली?”

आता माझा पराक्रम ऐका. माझं अरबी टेलिफोनवर शिकलेलं, पण मला त्याचा गर्व फार. तिथे दुभाष्याचं काम माझ्याकडे. भट्टी बंद पडायला लागल्यापासून प्रत्येक फेरीत उम्म सालेम एक वाक्य म्हणायची, की तुम्ही ती जाळीची खिडकी बुजवल्यापासून माझ्या लुबानाचा धूर त्या खोलीकडे जातो. लुबान म्हणजे धूप. तिच्या ओसरीत धुपाटणं कायम पेटलेलं. मी ते यासीनभाईंना सांगितलंच नाही. ‘काय म्हणतात?’ विचारलं की मी म्हणायची, ‘काही नाही, धुराबिराचं चाललंय, म्हातारं माणूस आहे.’ तीन फेऱ्या मी ते वाक्य गिळलं.

गुरुवारी सकाळी पुन्हा वर गेलो. सालेम दुपारी येणार होता. बदलायला आता काही उरलं नव्हतं. यासीनभाईंनी हत्यारांची पेटी बंद केली, भट्टी पेटवली, तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि ओसरीत, भिंतीला टेकून बसले. “काय करताय?” मी विचारलं. “बसलोय.” “असे किती वेळ?” “तुम्ही गप्प राहाल तेवढा वेळ.” मी गप्प राहिले. चार मिनिटं तरी राहिले असेन. उम्म सालेमने धुपाटणं आणून दारासमोर ठेवलं, अगदी मुद्दाम, आणि बाजूला झाली. धूर सरळ वर चढला, मग कंबरेत वाकला, जमिनीला लागला आणि मांजर जावं तसा दाराखालच्या फटीतून आत गेला. सगळाच्या सगळा.

यासीनभाई उठले. दार उघडलं. धूर पुन्हा सरळ. दार लावलं. धूर फटीत. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते स्टुलावर चढले आणि त्यांनी ती चंदेरी पट्टी ओरबाडून काढली, फोम ओढून काढला, आणि बाहेरचं थंड वारं त्यांच्या तोंडावर आलं. मग ते स्टुलावरच बसले. “मॅडमबाई, एसीला कोंडलेली हवा लागते. हिला मोकळी लागते. आग आहे ती, श्वास घेणारच. मी तिचं नाक दाबून ठेवलं होतं. दार उघडं ठेवून बसायचो तेव्हा तिला हवा मिळायची, दार लावून गेलो की कोंडायची, काजळी धरायची.” मग म्हणाले, “आणि ती बंद पडत होती म्हणून ही बाई जिवंत आहे. तशीच जळत राहिली असती तर विषारी धूर घरात शिरला असता.” तेव्हा मी त्यांना धुराचं वाक्य सांगितलं. सगळं, तीन फेऱ्यांचं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, “पहिल्यापासून सांगत होती?”

सालेम येईपर्यंत मी कार्ड तयार करून ठेवलं होतं. ‘आयात केलेली सदोष तोटी बदलली.’ सुंदर वाक्य होतं. कंपनी सुरक्षित, यासीनभाई सुरक्षित, मी सुरक्षित. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, “हे फाडा.” मी म्हणाले, “वेडे आहात का? नोकरी जाईल. उद्या विमानात बसवतील.” ते म्हणाले, “उद्या मी नसलो आणि दुसरा कोणी आला, तर तो हे कार्ड वाचून तोटी बघेल. आणि जाळी पुन्हा बुजवेल. आमच्या लाइनीतला कोणीही बुजवेल.” मग स्वतःच्या अक्षरात, मोडक्या इंग्रजीत त्यांनी लिहिलं: हवेची जाळी मी बंद केली होती. चूक माझी. आता उघडली. बंद करू नये. आणि सालेमच्या हातात दिलं. सालेमने ते दोनदा वाचलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने आमच्या मालकाला फोन लावायला खिशात हात घातला, तेवढ्यात उम्म सालेम आतून म्हणाली, “हाच येईल. दुसरा नको.” आणि आत निघून गेली. तिच्या घरात तिच्या शब्दावर शब्द चालत नाही. मालकाने यासीनभाईंना ऑफिसात उभं करून अर्धा तास सुनावलं, तो भाग मी गाळते. मी मात्र त्या अर्ध्या तासात बाहेर उभी राहून धुराच्या वाक्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तो भाग गाळता येत नाही.

त्यानंतरचे हिवाळे म्हणजे आमची सहल. दर महिन्याला एक फेरी, केशरी कार्डिगनसकट. मी शेजारच्या बायकांच्या घोळक्यात रमायची. रुवीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची, त्या हसून लोळायच्या, अर्ध्या शब्दांचा अर्थ लागत नसतानाही. यासीनभाई तास-तास भट्टीच्या खोलीत. दार सताड उघडं, ते एका स्टुलावर, उम्म सालेम दुसऱ्या. दोघांचं काय चालायचं देव जाणे. त्यांचं अरबी वीस शब्दांचं, तिची हिंदी तीन शब्दांची. परतताना मी चिडवायची, “इतका वेळ काय बोलता हो?” ते म्हणायचे, “बोलतो कशाला? शिकवणी चाललीय.” मला वाटायचं, त्यांचीच.

मग फोन आला त्या मुलीचा... आणि मग, गेल्या बुधवारी, सालेमचा. पहिल्या थंडीला तो आईकडे गेला होता, भट्टी लावायला गेला तर पेटेना. त्याने बटण सात-आठ वेळा दाबलं. काळा धूर आला. “आता हात लावायचा नाही, आईलाही ताकीद दिलीय,” तो म्हणाला. “यंत्र जाणणारा माणूस गेला. खलास. शुक्रवारी मी तिला घेऊन येतोय.” मी म्हणाले, शुक्रवारी सकाळी आम्ही येतो, एकदा बघू द्या. ज्या बाईने कंपनीच्या वतीने कधी हमी दिली नाही तिने फोन ठेवून स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

यासीनभाईंच्या जागी आता षण्मुगम आहे. पन्नाशीचा, मितभाषी, हात अतिशय स्वच्छ. वाटेत तो झोपला आणि मी चौकीपर्यंत एकटीच बोलत राहिले. वर पोचलो तर सालेमची गाडी अंगणात, इंजिन चालू, मागे गादी आणि दोन ट्रंका बांधलेल्या. उम्म सालेम दारात काठी टेकून उभी. माझ्या मागे तिने पाहिलं, षण्मुगमला पाहिलं, पुन्हा माझ्या मागे पाहिलं. सालेमने तिला सांगितलं होतं, तरीही. मी पाठ केलेलं वाक्य विसरले आणि नुसती मान हलवली. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

षण्मुगमने सगळं पाहिलं. जाळी उघडी, फिल्टर साफ, तोटी साफ, काचेचा डोळा पुसला. बटण दाबलं. भट्टी भडकली, धुमसली, विझली. “सब ठीक है मॅडम, फिर भी नहीं पकड़ती,” तो म्हणाला आणि त्याचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं. काठी त्याच्या मनगटावर आली. जोरात नाही, पण आली. “ला,” उम्म सालेम म्हणाली. नको. ती आत आली, आपल्या स्टुलावर बसली, आणि सालेम “आई, आई” म्हणत असताना तिने दोन बोटांनी काचेचा डोळा उपसून काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, फुंकर मारली, परत बसवला. “हिच्या पोटात तेल फार झालंय. दाबत राहिलं की अजून पाजता तुम्ही. ओसरू द्या.” आणि तिने डोळे मिटले, उजव्या हाताची करंगळी धरली आणि पुटपुटायला लागली.

सालेमने मान खाली घातली. त्याला वाटलं दुआ चालली आहे. षण्मुगमनेही हात जोडले. मलाही आधी तसंच वाटलं... मग कान टवकारले. “सतरा,” ती म्हणत होती. “अठरा. एकोणीस. वीस.”

मराठीत. खाडीकाठच्या हेलात. एकोणतीसला ती जराही अडखळली नाही. माझी स्वतःची मुलगी इथल्या शाळेत शिकली, तिला एकोणतीस म्हणजे किती ते इंग्रजीत सांगावं लागतं. उम्म सालेम एकोणपन्नास ओलांडून गेली. बावन्न, त्रेपन्न, पंचावन्न. चोपन्न राहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. साठला तिने करंगळी मिटली आणि पुन्हा एकपासून. भट्टीच्या पोटातलं तेल ओसरायला पाच मिनिटं लागतात. यासीनभाईंनी तिला घड्याळ न देता पाच बोटं दिली होती आणि साठपर्यंतचे आकडे. मी पलीकडच्या घरात नकला करत असताना.

दुसऱ्या फेरीत षण्मुगम उकिडवा बसला. तिसरीत सालेमने मला हळूच विचारलं, “ही कुठली प्रार्थना?” मी म्हणाले, “आमच्याकडची.” चौथ्या फेरीत मी यासीनभाईंच्या स्टुलावर बसले होते, कधी बसले ते मला कळलं नाही. दर फेरीला चोपन्न राहत होतं. पाचव्यांदा साठ झाले, अंगठा मिटला, तिने डोळे उघडले आणि बटण दाबलं. एकदाच. पंखा फिरला, आत ठिणगी तडतडली, आणि काचेमागे ज्योत धरली, पिवळी, मग स्वच्छ. आम्ही श्वास धरून ती विझायची वाट पाहिली. ती विझली नाही. पत्र्याचे नळ तापून टकटक वाजायला लागले.

उम्म सालेमने भट्टीकडे पाहिलंही नाही. मुलाकडे पाहिलं. सालेम बाहेर गेला. गाडीचं इंजिन बंद झालं. मग ट्रंक उतरवल्याचा आवाज, मग दुसरी.

मी उठले नाही. त्या स्टुलावर न हलता, न बोलता मी आणखी पाच मिनिटं बसले, तिच्यासारखीच बोटं धरून. म्हणजे मोजून तीनशे. खरं तर दोनशे पंच्याण्णव.